सॅक्युलिना: खेकड्याच्या पोटाखालची पिशवी

युरोपच्या अटलांटिक किनाऱ्यावरचा हिरवा खेकडा उलटा करून पाहिला, तर कधीकधी पोटाखालच्या झाकणीतून पिवळसर पिशवी बाहेर आलेली दिसते. पाहणारा तिला अंडी समजतो. पण खेकडीची अंडी म्हणजे बारीक दाण्यांचे घोस. ही पिशवी मात्र गुळगुळीत आणि एकसंध असते. ती आहे सॅक्युलिना, म्हणजे खडकांना आणि बोटींच्या बुडाला चिकटणाऱ्या बार्नेकलची परजीवी नातलग. तिला कवच नाही, पाय नाहीत, तोंडही नाही. कॉर्कच्या जॉन व्हॉन थॉम्पसन यांनी १८३६ मध्ये तिची पोहणारी पिल्लं पाहिली, तेव्हा हे नातं उलगडलं.

गैरसमज: बार्नेकल उभयलिंगी असतात, तेव्हा सॅक्युलिनाही उभयलिंगीच.

वस्तुस्थिती: बहुतेक बार्नेकल उभयलिंगी असतात, हे खरं. सॅक्युलिनात मात्र नर वेगळा, मादी वेगळी. मादी पिल्लू खेकड्याला चिकटतं आणि सुईसारख्या नळीतून स्वतःचा इवलासा जिवंत अंश आत सोडतं. तो मुळांसारखा खेकड्याच्या शरीरभर पसरतो आणि पुढे पोटाखाली पिशवी बाहेर काढतो. मग नर पिल्लू पिशवीच्या तोंडाशी येऊन आपलं सूक्ष्म काटेरी रूप आत सोडतं. ते एका कप्प्यात शिरतं, काटेरी आवरण वाटेतच टाकतं, आणि त्या आवरणानेच मागून येणाऱ्यांची वाट बंद होते. असे कप्पे दोनच, म्हणून नरही जास्तीत जास्त दोन. नर तिथेच राहून आयुष्यभर शुक्रपेशी तयार करतो. हे कप्पे पूर्वी पिशवीचेच वृषण समजले जात, आणि उभयलिंगीपणाची समजूत त्यातूनच पक्की झाली. नर आलाच नाही, तर पिशवी पक्व होत नाही. एवढं परावलंबी पितृत्व प्राणिसृष्टीत विरळाच, आणि माझ्या मते या प्राण्याची खरी नवलाई तीच आहे.

गैरसमज: सॅक्युलिना नर खेकड्याची मादी करते.

वस्तुस्थिती: नराची अरुंद झाकणी मादीसारखी रुंद होते, आणि खेकडीने अंडी जपावीत तसा तो ती पिशवी स्वच्छ ठेवतो. पण हे रूपापुरतं आणि वागण्यापुरतंच. त्याचं प्रजनन बंद पडतं. नर असो वा मादी, बाधित खेकड्याला सहसा स्वतःची पिल्लं होत नाहीत. तो लगेच मरतही नाही. खात-फिरत जगतो, कारण तो जगला तरच पिशवीतली पिल्लं समुद्रात पोहोचतात.