पाऊस यायच्या आधीचं हिरवं रान

यवतमाळला लागून असलेलं लोहारा अरबी समुद्रापासूनही ५०० किलोमीटरहून लांब आणि बंगालच्या उपसागरापासूनही. समुद्रावरून निघालेले ढग इथे जूनमध्ये पोचतात आणि वर्षाच्या पावसाचा बहुतेक वाटा सप्टेंबरअखेर पडून जातो. त्यानंतरचे आठ महिने जवळजवळ कोरडेच. तरीही इथलं रान ज्याला समजून घ्यायचं आहे, त्यानं पावसाळ्याची वाट पाहू नये. चैत्रातल्या सकाळी, उन्हं चढायच्या आत निघावं आणि रमतगमत चालावं.

लोहाऱ्याच्या कारखान्यांचे पत्रे मागे पडले, की पऱ्हाटी उपटलेली वावरं लागतात. धुऱ्यावरच्या पळसाची फुलं ओसरत आलेली असतात आणि त्याच फांद्यांवर मऊ लव असलेली पानं तीन-तीनच्या जुडीनं उलगडत असतात. पुढे काळी जमीन संपते, बरड आणि मुरूम सुरू होतो, मधूनच बेसाल्टचा खडक डोकं वर काढतो. इथून सागाचं रान. साग अगदी उघडा, त्याची वाळकी पानं पायाखाली मोडतात. पण नाल्याच्या काठी एखादा कुसुम लालबुंद दिसतो. ती फुलं नव्हेत, कोवळी पानं आहेत. मोहाच्या फांद्यांच्या टोकांनाही तांबूस पालवी आलेली असते. चार-पाच महिने पावसाचा थेंब नाही, नवतपाचं कडक ऊन अजून पुढे आहे, आणि झाडं नवी पानं काढत आहेत!

या पानांसाठी पाणी आलं कुठून? झाड पानं गाळतं ते पाणी वाचवायला, हे आपण शाळेत शिकलो. त्यापुढची गोष्ट अधिक रंजक आहे. पानं गळाली की त्यांच्यावाटे होणारं बाष्पीभवन थांबतं. मुळं मात्र मुरमात आणि खडकाच्या भेगांत खोल शिरलेली असतात आणि तिथे थोडी ओल शिल्लक असते. ते पाणी हळूहळू खोडात साठतं, आटलेल्या पेशी पुन्हा फुगतात आणि कळ्या फुटायला तयार होतात. रॉल्फ बोर्चर्ट यांनी कोस्टा रिकाच्या शुष्क जंगलात झाडांच्या खोडातलं पाणी मोजून १९९४ मध्ये हे सविस्तर मांडलं. आणि कळ्यांना वेळ कळते कशी? पुष्कळ जातींना ती वाढत्या दिवसामुळे कळते. आपल्याकडे डिसेंबरातला सर्वांत लहान दिवस ११ तासांच्या आसपास असतो, तर जूनमधला सर्वांत मोठा सव्वातेरा तासांच्या घरात. मार्चनंतर दिवस रात्रीहून मोठा होतो आणि झाड तो फरक ओळखतं. पाऊस एखाद्या वर्षी दगा देतो, दिवसाची लांबी कधीच देत नाही.

पण एवढ्या उन्हात कोवळं पान बाहेर काढायची घाई कशासाठी? के. एस. मुरली आणि रमण सुकुमार यांनी तमिळनाडूतल्या मुदुमलाईच्या पानझडी जंगलात याचा शोध घेतला. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दिसलं, की कोरड्या दिवसांत पालवणाऱ्या झाडांच्या पानांचं किड्यांनी कमी नुकसान केलं आणि पावसाबरोबर किडे वाढल्यावर पालवणाऱ्यांचं जास्त. पान कोवळं असतं तेव्हाच ते अळीला सहज खाता येतं. पाऊस पडून अळ्यांची फौज उतरेपर्यंत कुसुमाचं पान जून, चिवट झालेलं असतं. सुरुवातीचा लाल रंगही त्या नाजूक पानाला कडक उन्हापासून आडोसा देतो, असं अनेक वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात.

तेंदूचं पान याच उन्हाळी पालवीचं. ते उन्हात येतं, म्हणून कमी किडलेलं मिळतं आणि तोडल्यावर उन्हातच वाळवता येतं. ७० पानांचा एक पुडा बांधायचा, तो खरेदी केंद्रावर, म्हणजे फळीवर द्यायचा, हा विदर्भातल्या हजारो कुटुंबांचा उन्हाळ्यातला रोजगार तेंदूच्या या एका सवयीवर उभा आहे.

साग मात्र वेगळ्या वाटेनं जातो. तो बहुधा पावसाच्या सुमारास पालवतो. त्याचं अगदी कोवळं पान बोटांत चुरडलं तर बोटं रक्तासारखी लाल होतात. गुराखी पोरांना हे पक्कं ठाऊक असतं. पण तो रंग काही अळ्यांना अडवत नाही. पावसाच्या सुरुवातीला एका पतंगाच्या अळ्या पान शिरांपर्यंत खाऊन टाकतात आणि पुढे दुसऱ्या पतंगाच्या अळ्या मधला गर खाऊन नुसती जाळी ठेवतात. पावसाळा सरताना हिरव्या रानात सागाचे डोंगर तपकिरी दिसतात ते यामुळेच. झाड मरत नाही, पण नव्या पानांवर पुन्हा खर्च करताना लाकूड भरायचं राहून जातं.

कोरड्या दिवसांतली पालवी एवढी मोलाची, म्हणूनच चैत्र-वैशाखातला वणवा मला सर्वांत जास्त खुपतो. मोहाची फुलं वेचायला सोपं जावं, तेंदूला भरपूर पालवी यावी म्हणून पाचोळ्याला काडी लावली जाते. ‘वाळलेलंच तर आहे’ असं म्हटलं जातं. पण त्याच दिवसांत झाडानं महिनोन्‌महिने जपलेलं पाणी पालवीत ओतलेलं असतं, आणि गुडघाभर रोपांची ती पालवी पहिल्याच झळीत करपते. मोहाखाली जाळी अंथरूनही फुलं गोळा होतात. थोडा खर्च येतो, पण रोपं वाचतात.

झाडांचं हे वेळापत्रक आपल्यालाही टिपता येतं. सीझनवॉच नावाचा एक उपक्रम देशभरातून अशा नोंदी गोळा करतो. एक झाड निवडायचं आणि दर आठवड्याला त्याच झाडाशी जाऊन पालवी, जून पानं, कळ्या, फुलं, फळं यांपैकी काय नाही, काय थोडं, काय भरपूर, एवढंच लिहायचं. बहावा, चिंच, आंबा ही त्यांच्या यादीतली झाडं लोहाऱ्यातल्या कुठल्याही शाळेतून चालत जाण्याच्या अंतरावर सापडतील.