काळ्या ठिपक्याचे विमान

समजा, सातपुड्याच्या पायथ्याशी पांढुर्ण्याच्या किंवा सौंसरच्या एखाद्या जुन्या घरातल्या पेटीत, खसऱ्याच्या नकला आणि लग्नपत्रिकांच्या खाली, कोसळलेल्या विमानाचा एक पिवळट फोटो निघाला. मागे पेन्सिलीने लिहिले आहे, ‘जपानी विमान’. घरातली माणसे शोधाला तिथूनच सुरुवात करतील. माझ्या मते ते दोन शब्द सगळ्यांत शेवटी वाचावेत. हे विमान अमुकच, असे फोटो क्वचितच सांगतो; ते कोणते असू शकत नाही, हे मात्र तो चोख सांगतो. म्हणून ओळख पटवायची ती एकेक नाव खोडत.

पहिले खोडायचे ते ‘जपानी’. जपानी बॉम्ब ६ एप्रिल १९४२ रोजी विशाखापट्टणम आणि काकीनाडा इथे पडले, त्या वर्षाच्या अखेरीस कलकत्त्यावर पडले. सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांचे काही काम नव्हते. मग लिहिणाऱ्याने खोटे लिहिले का? तसेही नाही. त्या काळच्या पुष्कळ फिल्म लाल रंगाला आंधळ्या होत्या. कोडॅकची घरोघरची व्हेरिक्रोम फिल्म १९५६ पर्यंत तशीच होती. तिच्यावर लाल रंग काळा उमटतो आणि निळा फिकट पडतो. ब्रिटिश विमानाच्या पंखावर बाहेर निळे, मध्ये पांढरे आणि आत लाल असे वर्तुळ असे. फिल्मवर निळे कडे विरले की उरतो पांढऱ्या कडेचा काळा ठिपका, म्हणजे हुबेहूब जपानी सूर्य. हा घोटाळा डोळ्यांनाही होत होता, म्हणूनच १९४२ मध्ये जपानविरुद्धच्या आघाडीवरच्या ब्रिटिश विमानांवरून लाल रंग काढून टाकला आणि पुढे दोन छटांचे निळे वर्तुळ आले. तेव्हा काळा ठिपका दिसलाच, तर तो देशापेक्षा काळाबद्दल जास्त बोलतो: फोटो बहुधा १९४२ च्या मध्यापूर्वीचा किंवा लढाई संपल्यानंतरचा.

दुसरी साक्ष सांगाड्याची. विमान जळून गेले असले तर उलट सोपे. वेलिंग्टन बॉम्बरचा सांगाडा बार्न्स वॉलिस यांनी आखलेल्या तिरप्या पट्ट्यांचा आणि वर कापडाचे आवरण. कापड जळाले की बुरडाने विणलेल्या डालीसारखी जाळी उरते. तशी वीण दुसऱ्या विमानात सहसा सापडायची नाही. मॉस्किटो लाकडी, प्लायवुड आणि बाल्सा चिकटवून केलेले; भारताच्या हवेत त्याचे सांधे सुटू लागले आणि १९४४ च्या अखेरीस ती विमाने काही काळ जमिनीवर ठेवावी लागली. त्याच्या राखेत दोन इंजिनांपलीकडे धातू फारसा राहत नाही. लिबरेटर मात्र पूर्ण धातूचे: चार इंजिने, शेपटीला दोन उभी पाती. पण लिबरेटर दिसले म्हणून लगेच ‘महायुद्धातले’ म्हणू नये. ब्रिटिशांनी कानपूरला भंगारात काढलेली चाळीसच्या आसपास लिबरेटर हिंदुस्तान एअरक्राफ्टने पुन्हा उडती केली आणि आपल्या वायुदलाने ती १९६८ पर्यंत वापरली. पंखावर तिरंगी वर्तुळ असेल तर कथेतले महायुद्ध तिथेच संपते.

यावर कोणी म्हणेल, गावातल्या म्हाताऱ्यांनी डोळ्यांनी पाहिले त्याला काहीच किंमत नाही का? आहे, आणि मोठी आहे, पण ती जागेबाबत. कोणाच्या शेतात पडले, पेरणी झाली होती की संत्र्याचा बहार होता, हे गाव विसरत नाही. विमान कोणाचे होते, हे गावाला कोणीतरी सांगितलेले असते. जागेचीसुद्धा फोटोवरून उलटतपासणी होते. मागे रूळ दिसत असले तर त्यांची रुंदी पाहावी. पांढुर्णा नागपूर-इटारसी या साडेपाच फुटी मोठ्या लाइनवर, तर सौंसर तेव्हा नागपूर-छिंदवाड्याच्या अडीच फुटी छोट्या लाइनवर. शेजारी उभ्या माणसाशी ताडून पाहिले तरी कोणता रूळ ते कळते. एक खोड कागदांचीही आहे: इंग्रजी दप्तरात सागरचे स्पेलिंग ‘सॉगोर’ असे करीत, आणि घाईत वाचणाऱ्याला ते सौंसर वाटायला वेळ लागत नाही. तेव्हा सागर आणि सौंसर ही दोन्ही गावे मध्यप्रांतातच होती, त्यामुळे प्रांताच्या नावानेही सुटका होत नाही.

नेमके विमान ठरते ते फक्त क्रमांकावरून. ब्रिटिश विमानावर एक अक्षर आणि चार अंक, किंवा दोन अक्षरे आणि तीन अंक. अमेरिकी विमानाच्या शेपटीवर वर्षाचा पहिला आकडा गाळलेला क्रमांक. २५ जानेवारी १९४४ रोजी अरुणाचलच्या डोंगरांत हरवलेल्या आणि २००६ मध्ये सापडलेल्या ‘हॉट ॲज हेल’ या लिबरेटरचा क्रमांक ४२-७३३०८, म्हणजे रीतीप्रमाणे शेपटीवर २७३३०८. फोटोत क्रमांक दिसत नसेल तर ‘वेलिंग्टन, बहुधा’ इथेच थांबावे. अर्धवट उत्तर देणे कमीपणाचे वाटते, म्हणूनच चुकीची उत्तरे इतकी छापली जातात. तरी एक दार उघडे राहते. पश्चिम आणि मध्य भारतात विखुरलेल्या, जिथे कायमची निगा राखणे शक्य नव्हते अशा युद्धकबरी पुण्याजवळ खडकीच्या युद्धस्मशानात एकत्र आणल्या आहेत. तिथल्या दगडांवर हुद्दा, नाव आणि मृत्यूची तारीख असते. गावाने सांगितलेल्या हंगामातली एकच तारीख किती दगडांवर येते ते मोजावे. मॉस्किटोत दोघे असत, वेलिंग्टनमध्ये पाच-सहा, लिबरेटरमध्ये आठ-दहा. फोटोत दोन इंजिने आणि दगड मात्र आठ, असे निघाले तर तो अपघात वेगळा. उलट फोटोत चार इंजिने आणि दगड दोनच असतील, तर बाकीचे हवाई छत्रीने उतरले होते का, हे पुन्हा गावातच जाऊन विचारावे लागेल.