दोन लहान की एक मोठा? टर्बोच्या जोडीचे गणित

१ जुलै १९७९ रोजी फ्रान्समधील दिजाँ येथे फॉर्म्युला वन मोटारींची शर्यत झाली. ती झां-पिएर झाबुई याने रेनो कंपनीच्या मोटारीतून जिंकली. नवल असे, की त्या मोटारीचे एंजिन अवघे दीड लिटरचे होते आणि प्रतिस्पर्ध्यांची एंजिने तीन लिटरची! मग निम्म्या एंजिनाने बाजी मारली कशी? त्याचे उत्तर एंजिनाला जोडलेल्या दोन लहान चाकांच्या जोडीत आहे.

एंजिनाचा श्वास

विद्यार्थी मित्रांनो, १ ग्रॅम पेट्रोल पुरते जाळायला सुमारे १५ ग्रॅम हवा लागते. पेट्रोल जास्त सोडणे सोपे असते. अडते ते हवेपाशी. सिलिंडरातील दट्ट्या खाली सरकला की जेवढी हवा आपसूक आत येईल, तेवढीच कामाला येते. तीच हवा दाबून आत कोंबली, तर त्याच सिलिंडरात जास्त पेट्रोल जळेल आणि जास्त शक्ती मिळेल.

पण हवा दाबायलाही शक्ती लागते. ती आणायची कोठून? स्वित्झर्लंडचे एंजिनियर आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये यावरील कल्पनेचे पेटंट घेतले. एंजिनातून बाहेर पडणारा धूर तापलेला आणि वेगवान असतो. त्याची ऊर्जा फुकट जाते. ब्यूखी यांनी तिलाच कामाला जुंपायचे ठरवले. एका दांड्याच्या दोन टोकांना पात्यांची दोन चाके बसवायची. एका चाकावर धुराचा झोत सोडला की ते फिरते; हे टर्बाइन. त्याबरोबर दुसरे चाक फिरते आणि हवा दाबून एंजिनाकडे पाठवते, हा संपीडक. या जोडीलाच टर्बोचार्जर किंवा थोडक्यात टर्बो म्हणतात.

हे चाक मिनिटाला १,००,००० फेऱ्यांहूनही जास्त वेगाने फिरू शकते. ७ सें. मी. व्यासाच्या चाकाचा परीघ २२ सें. मी. भरतो. १,००,००० फेऱ्यांना त्याची कड सेकंदाला सुमारे ३६७ मीटर जाते, म्हणजे आवाजापेक्षाही वेगाने!

उशिरा येणारी ताकद

फॉर्म्युला वनच्या त्या वेळच्या नियमानुसार साधे एंजिन तीन लिटरचे चाले, पण हवा दाबून घेणारे एंजिन दीड लिटरचेच असावे लागे. रेनोने दुसरा मार्ग पत्करला आणि १९७७ साली इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोन येथे एका टर्बोची मोटार प्रथम शर्यतीत उतरवली. तिचे एंजिन वारंवार बंद पडे. पांढरा धूर ओकणाऱ्या त्या पिवळ्या मोटारीला लोक गमतीने ‘पिवळी चहाची किटली’ म्हणू लागले.

दुसरी अडचण अशी, की चालकाने पायाने प्रवेगक दाबला तरी ताकद लगेच येत नसे. आधी धूर वाढायचा, मग जड चाकाने वेग घ्यायचा, मग हवा दाबली जायची. तोवर वळण संपत आलेले असे, आणि नको तेव्हा ताकद एकदम उसळे.

मात्र मार्च १९७९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील क्यालामी येथे झाबुईने शर्यतीपूर्वीच्या चाचणीत सर्वांत कमी वेळ नोंदवला. हे ठिकाण समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर उंच आहे. विरळ हवेत साध्या एंजिनांचा दम कमी पडतो, पण टर्बो ती तूट भरून काढतो. म्हणजे ताकद होती. ती वेळेवर मिळत नव्हती.

सात आणि दहा

त्याच मोसमात रेनोच्या एंजिनियरांनी एक मोठा टर्बो काढून दोन लहान बसवले. एंजिनात सहा सिलिंडर होते, तीन-तीनच्या दोन ओळींत. प्रत्येक ओळीला एक टर्बो मिळाला.

यातील लाभ तुम्ही स्वतःच मोजू शकता. समजा, मोठ्या चाकाचा व्यास १० सें. मी. आहे. किती हवा वाहून जाईल हे ढोबळमानाने चाकाच्या क्षेत्रफळावर, म्हणजे व्यासाच्या वर्गावर ठरते. १० चा वर्ग १००. आता ७ सें. मी. व्यासाची दोन चाके घ्या. ४९ आणि ४९ मिळून ९८. म्हणजे हवा जवळजवळ तेवढीच.

आता वजन पाहू. एकाच धातूच्या व एकाच घडणीच्या चाकांचे वजन व्यासाच्या घनाच्या प्रमाणात असते. १० चा घन १०००. ७ चा घन ३४३, आणि दोन चाकांचे मिळून ६८६. हवा तेवढीच, पण फिरवायचे वजन तीन दशांशाने कमी! हवेवर तेवढाच दाब आणायचा तर चाकाच्या कडेचा वेग तोच ठेवावा लागतो. म्हणून द्यावी लागणारी गतिज ऊर्जाही त्याच प्रमाणात घटते आणि वेग घ्यायला सुमारे तीन दशांश वेळ कमी लागतो. शिवाय प्रत्येक टर्बो आपल्या ओळीशेजारीच बसल्याने नळ्या आखूड होतात आणि वाटेत उष्णता कमी वाया जाते.

कारखान्यातली कसोटी

कागदावरचे हे गणित धातूत उतरवणे मात्र सोपे नाही. धूर नेणारी नळी ८०० अंश सेल्सिअसने तापली, तर अर्धा मीटर लांबीची स्टेनलेस पोलादाची नळी जवळजवळ ७ मि. मी. वाढते. ती दोन्ही टोकांना घट्ट जखडली तर वेल्डिंगचे सांधे तडकतील. म्हणून मध्ये सरकणारा सांधा किंवा लवचीक घडीदार नळी ठेवतात.

दोन्ही टर्बोंना धूर सारखा मिळावा लागतो. एक मागे पडला, तर दुसऱ्याने दाबलेली हवा त्याच्यातूनच उलटी फिरू पाहते. दाब मर्यादेबाहेर गेल्यास जादा धूर टर्बाइनला वगळून सोडणारी झडप लागते. तिचे काम कुकरच्या शिट्टीसारखे.

दाबलेली हवा तापतेही. २७ अंशांची हवा दुप्पट दाबाला नेताना ११७ अंशांपर्यंत तापली, तर तिची घनता दुप्पट न होता दीडपटच होते. केल्व्हिन मापात ३०० आणि ३९० घेऊन वायूंच्या नियमाने हे ताडून पाहा. म्हणून एंजिनात शिरण्याआधी ती हवा थंड करतात. न केल्यास पेट्रोल अवेळी पेटून दट्ट्याला भोकही पडू शकते.

मग चार का नकोत?

५ सें. मी. व्यासाची चार चाके घेतली, तर वर्गांची बेरीज पुन्हा १०० आणि घनांची केवळ ५००! तरी बहुतेक मोटारींत एक किंवा दोनच टर्बो असतात. चाक आणि त्याचे कवच यांच्यामधील फट चाकाच्या प्रमाणात लहान करता येत नाही, आणि त्या फटीतून हवा निसटते. नळ्या, सांधे, तेलाची वाट हे सारे चौपट होते. २००५ साली आलेल्या बुगाटी व्हेरॉन मोटारीत मात्र खरोखरच चार टर्बो होते, पण तिचे एंजिन आठ लिटरचे, सोळा सिलिंडरांचे होते. तेथे प्रत्येक टर्बोच्या वाट्याला किती लिटर आले, आणि दिजाँच्या मोटारीत किती? भागाकार करा, म्हणजे लहान एंजिनाला चार टर्बो का परवडत नाहीत हे तुमचे तुम्हालाच कळेल.