दोन महाकाय विमानं आणि सातासमुद्रापारची गोटमार

प्रश्नमंजुषेत हमखास येणारा एक प्रश्न आहे: जगातलं सगळ्यात मोठं प्रवासी विमान कोणतं? उत्तर म्हणून आपण ‘एअरबस ए-३८०’ लिहितो आणि एक गुण घेऊन पुढे जातो. पण या उत्तरामागे एक मोठं भांडण आहे. ते युरोप आणि अमेरिकेत पेटलं, त्यात चीज आणि संत्र्याचा रस होरपळला, आणि त्याच धंद्याचा एक धागा आपल्या नागपूरपर्यंत येऊन पोचला. भाषेच्या मासिकात विमानं कशाला, असं कुणी विचारेल. पण ‘सबसिडी’, ‘टॅरिफ’ हे शब्द आपण रोज वाचतो, तर त्यांच्या आत काय आहे हेही बघायला हवं ना!

कोण किती मोठं?

आधी मापं घेऊ. बोइंग ७४७, म्हणजे आपलं ‘जंबो जेट’, पहिल्यांदा उडालं ९ फेब्रुवारी १९६९ ला. पुढच्या भागात पाठीवर उंचवटा, त्यामुळे लहान मूलही ते चित्रात ओळखतं. एअर इंडियाने १९७१ मध्ये पहिलं जंबो आणलं. त्याचं नाव होतं ‘एम्परर अशोक’ आणि खिडक्यांभोवती झरोक्यांची नक्षी रंगवलेली होती.

ए-३८० बरंच नंतरचं. पहिलं उड्डाण २७ एप्रिल २००५ ला, फ्रान्समधल्या तुलूझला. यात वरचा मजला अर्धा नाही, पूर्ण आहे. पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ७९.८ मीटर, आणि कमाल वजन सुमारे ५७५ टन. जंबोची शेवटची आवृत्ती ७४७-८ लांबीला ७६.३ मीटर, म्हणजे ए-३८० पेक्षा साडेतीन मीटर जास्तच. पण वजन सुमारे ४४८ टन. म्हणजे लांबीत बोइंग पुढे, बाकी सगळ्यात एअरबस.

ए-३८० ची एक चाचणी तर ऐकण्यासारखी आहे. २००६ मध्ये जर्मनीत हॅम्बर्गला ८७३ माणसं विमानात बसवली, अंधार केला, निम्मे दरवाजे बंद ठेवले आणि सगळ्यांना बाहेर पडायला सांगितलं. ७८ सेकंदांत विमान रिकामं! त्यावरूनच ८५३ प्रवाशांची परवानगी मिळाली, पण प्रत्यक्षात कंपन्या साधारण पाचशेच्या आसपास जागा ठेवतात.

मग बंद काहून पडलं?

एवढं मोठं, एवढं देखणं, मग बंद काहून पडलं? एअरबसने २५१ ए-३८० दिली आणि डिसेंबर २०२१ मध्ये शेवटचं एमिरेट्सच्या हाती सोपवलं. बोइंगने ७४७ चा कारखाना जानेवारी २०२३ मध्ये थांबवला, तोपर्यंत १५७४ विमानं झाली होती. शेवटचं होतं मालवाहू.

कारण समजायला नागपूरचाच एक जुना किस्सा उपयोगी पडतो. १९४९ पासून नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर रात्री दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून टपालाची विमानं यायची. मध्यरात्री थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि विमानं आपापल्या शहराकडे परत निघायची. चारही दिशांचा माल एका मधल्या ठिकाणी गोळा करायचा आणि तिथून वाटायचा, यालाच ‘हब’ म्हणतात. ए-३८० हा याच कल्पनेवर लावलेला डाव होता: लोक लहान विमानांनी दुबई, सिंगापूर, लंडनला जमतील आणि तिथून महाकाय विमानाने पुढे जातील.

बोइंगने जंबोची नवी आवृत्ती काढली खरी, पण मोठा डाव उलट लावला. लोकांना मध्ये उतरायचं नसतं, थेट जायचं असतं, असं म्हणून त्यांनी दोन इंजिनांचं, मध्यम आकाराचं ७८७ बनवलं. पूर्वी दोन इंजिनांच्या विमानाला जवळच्या विमानतळापासून फार लांब जायची मुभा नव्हती, म्हणून समुद्र ओलांडायला चार इंजिनं बरी वाटायची. १९८५ नंतर हा नियम हळूहळू सैल झाला आणि चार इंजिनांचं इंधन परवडेनासं झालं.

शिवाय मोठ्या गाडीचं दुखणं आपल्याकडे कुणाला सांगायला नको. पांढुर्ण्याहून संत्र्याचा मोठा ट्रक भरून निघाला तर परवडतो. अर्धा रिकामा गेला तरी डिझेल, टोल, ड्रायव्हरचा पगार सुटत नाही. पाचशे जागांचं विमान रोज भरणं तर त्याहून कठीण.

पैसा कुणाचा?

असं विमान बनवायला इतका पैसा लागतो की एकटी कंपनी घाबरते. त्यामुळे फ्रान्स, जर्मनी, ब्रिटन आणि स्पेन या सरकारांनी एअरबसला सवलतीचं कर्ज दिलं. अट साधारण अशी: विमानं विकली गेली की त्यातून परतफेड. म्हणजे विमान खपलं नाही तर तोटा जनतेच्या तिजोरीचाही. अमेरिका म्हणाली, ही सबसिडी आहे, आमच्यावर अन्याय आहे. युरोप म्हणाला, तुम्ही काय वेगळं करता? तुमच्या ‘नासा’च्या आणि संरक्षण खात्याच्या संशोधनाचा फायदा बोइंगला मिळतो, वॉशिंग्टन राज्य करात सूट देतं, तेही सरकारचंच पैसं की!

१९९२ मध्ये दोघांनी करार केला होता: सरकारने थेट मदत विकासखर्चाच्या ३३ टक्क्यांपर्यंतच द्यायची. २००४ मध्ये अमेरिका त्यातून बाहेर पडली आणि जागतिक व्यापार संघटनेकडे, म्हणजे डब्ल्यूटीओकडे गेली. मग युरोपनेही उलट तक्रार केली. खटले चालले पंधरा वर्षांच्या वर. निकाल काय? दोघंही दोषी!

आता आपली गोटमार आठवा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जांब नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, मध्ये पळसाचं झाड आणि त्यावर झेंडा. दोन्हीकडून दगड. इथे झेंड्याच्या जागी विमान होतं, आणि दगड म्हणजे आयातशुल्क. २०१९ मध्ये अमेरिकेला वर्षाला साडेसात अब्ज डॉलरच्या मालावर जादा शुल्क लावायची परवानगी मिळाली. तिने विमानांबरोबर चीज, ऑलिव्ह, वाइन, स्कॉटलंडची व्हिस्की यांवर शुल्क लावलं. २०२० मध्ये युरोपला सुमारे चार अब्ज डॉलरची परवानगी मिळाली. त्याने बोइंगबरोबर शेंगदाणे, रताळी, केचप आणि गोठवलेला संत्र्याचा रस धरला.

इथे थोडं थांबूया. पांढुर्णा-सौंसरचा माणूस संत्र्याचा माणूस आहे. बांगलादेशने आयातशुल्क वाढवत नेलं तेव्हा या पट्ट्यातल्या संत्र्याचा भाव कसा हलला, हे इथल्या घरांनी पाहिलंय. म्हणून फ्लोरिडातल्या संत्रा बागायतदाराची गोष्ट आपल्याला लगेच कळते. त्याने ना विमान बनवलं, ना सबसिडी घेतली. तरी दगड त्याच्या बागेत पडला. गोटमारीत निदान जखमी होणारा स्वतः नदीवर गेलेला असतो; व्यापारयुद्धात मात्र घरात बसलेल्याचंही डोकं फुटतं.

शेवटी जून २०२१ मध्ये दोन्ही बाजूंनी पाच वर्षांसाठी शुल्क थांबवलं. तोवर ए-३८० चा कारखाना बंद पडत आला होता. ज्या झेंड्यासाठी दगड चालले, तो झेंडाच उरला नव्हता!

आणि आपण?

भारत विमानं बनवणारा नाही, विकत घेणारा देश. पण घेणाऱ्याच्या हातातही काही असतं. ए-३८० ला भारतात उतरायची परवानगी जानेवारी २०१४ पर्यंत नव्हती. परदेशी कंपन्या आपले प्रवासी थव्याने घेऊन जातील आणि एअर इंडिया बुडेल, ही भीती होती. नंतर दिल्ली, मुंबई, बंगळुरू आणि हैदराबाद या चार विमानतळांसाठी दार उघडलं.

दुसरं उदाहरण घराजवळचं. २००६ मध्ये एअर इंडियाने बोइंगकडून ६८ विमानं घ्यायचा करार केला. त्या सौद्यात बोइंगने भारतात दहा कोटी डॉलर खर्चून विमानदुरुस्तीचं केंद्र उभारायचं कबूल केलं. जागा ठरली नागपूरची मिहान. २०१५ मध्ये ते सुरू झालं. सौंसरहून दीड-दोन तासांवर, बोइंग ७७७ सारखं विमान आत घेऊ शकणारं हँगर आज उभं आहे, ते त्या सौद्यात आपण काहीतरी मागितलं म्हणून.

२०२३ च्या फेब्रुवारीत एअर इंडियाने, आता टाटांच्या, ४७० विमानांची ऑर्डर दिली: २५० एअरबस, २२० बोइंग. दोघांनाही खूश ठेवलं. यात ए-३८० नाही, ७४७ नाही. ऑर्डर जाहीर झाली त्याच दिवशी अमेरिकेच्या अध्यक्षांनी सांगितलं की, यामुळे त्यांच्या ४४ राज्यांत दहा लाखांहून जास्त नोकऱ्यांना आधार मिळेल. त्यांनी राज्यंसुद्धा मोजून ठेवली होती.

पैसा आपला, मोजणी त्यांची. आपल्या जिल्ह्यातली किती मुलंमुली त्या नागपूरच्या हँगरमध्ये कामाला आहेत, हे आपल्यापैकी कुणी कधी विचारलंय का? विमानदुरुस्तीचा अभ्यासक्रम असतो, त्यासाठी डीजीसीए परवाना देतं, ही माहिती तरी बारावीच्या वर्गात कुणी देतं का? पांढुर्णा २०२३ मध्ये जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याने मागायच्या गोष्टींची यादी अजून तयार होतेय. तिच्यात हा एक प्रश्न घालायला काय हरकत आहे? पुढचा सौदा होईल तेव्हा मागणारा माणूस तयार हवा, नाहीतर विमानं डोक्यावरून जातील आणि आपण फक्त त्यांची लांबी-रुंदी पाठ करत बसू.