फटफटीच्या डोक्याची गळती

चेन्नईच्या बंदरासमोर जॉर्ज टाउन नावाची जुनी व्यापारी वसती आहे. तेथील गल्ल्यांनी आपापसांत व्यापार वाटून घेतला आहे असे दिसते. गोडाउन स्ट्रीटवर कापड, अँडरसन स्ट्रीटवर कागद, तर लिंगी चेट्टी स्ट्रीटच्या बाजूस यंत्रांचे सामान. शेजारच्याच तंबू चेट्टी स्ट्रीटवर कालिकांबाळ देवीचे देऊळ आहे. १६७७ साली कर्नाटकाच्या स्वारीत शिवाजी महाराज तिच्या दर्शनास आले होते असे तेथील लोक सांगतात, आणि मराठी पाहुणा दिसला की अगत्याने सांगतात. या गल्ल्यांमध्ये जुन्या मोटारसायकलींचे सुटे भाग शोधीत हिंडणारी माणसेही बरीच आढळतात, आणि त्याला कारण आहे. १९५५ साली इंग्लंडमधील रेडिच येथील रॉयल एनफील्ड कंपनी व मद्रास मोटर्स यांनी मिळून एनफील्ड इंडिया ही कंपनी काढली. तिचा कारखाना येथून उत्तरेस काही किलोमीटरवर, तिरुवोट्टियूर येथे उभा राहिला. तेथून निघालेली ‘बुलेट’ ही आपल्याकडची अस्सल फटफटी. बिडाच्या सिलिंडरचे तिचे जुने इंजिन २०१० च्या सुमारास बंद झाले, तरी तशा हजारो गाड्या आजही रस्त्यावर आहेत. त्यांच्या मालकांना केव्हा ना केव्हा भेडसावणारे दुखणे म्हणजे हेड गॅस्केटची गळती.

ही गॅस्केट म्हणजे काय ते आधी पाहू. इंजिनातील दट्ट्या ज्या नळकांड्यात वरखाली होतो त्यास सिलिंडर म्हणतात, आणि त्यावर बसणाऱ्या झाकणास हेड, म्हणजे डोके. या दोहोंच्या मध्ये तांब्याची किंवा पत्रा आणि तंतू यांची एक पातळ चकती असते; तीच गॅस्केट. तिच्यावरचा भार ऐकून नवल वाटेल. ३५० च्या बुलेटमध्ये सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आहे. पेट्रोलचा भडका उडतो त्या क्षणी आतला दाब चौरस सेंटिमीटरला ३० किलोग्रॅम धरला, तरी डोके वर उचलणारा जोर अकराशे किलोग्रॅमच्या वर जातो. मिनिटाला तीन हजार फेरे होत असतील तर असे धक्के सेकंदाला पंचवीस बसतात.

भर म्हणून उष्णतेचा उपद्रव. डोके ॲल्युमिनियमचे आणि सिलिंडर बिडाचा. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. दोन्ही दीडशे अंशांनी तापले असे मानले, तर शंभर मिलिमीटर लांबीत डोके सुमारे ०.३५ मिलिमीटर वाढते व सिलिंडर ०.१७. म्हणजे दर खेपेस गाडी तापली की वरचा पृष्ठभाग खालच्यावर किंचित सरकतो, निवली की परत येतो, आणि ही घसट गॅस्केटने सोसावयाची. डोके सपाट असेल आणि नट सारख्या जोराने आवळलेले असतील तर ती वर्षानुवर्षे सोसते. एखादी बाजू ढिली राहिली की तेथून तप्त वायू वाट काढतो आणि त्या वाटेचा हळूहळू चर होतो. म्हणून गळकी गॅस्केट काढून तेथे नवी ठेवली एवढ्याने काम भागत नाही. ती का गळली याचे उत्तर बहुधा डोक्याच्या पृष्ठभागात असते, आणि तो न तपासता बसवलेली नवी गॅस्केट काही महिन्यांत पुन्हा गळू लागते. गळती तशीच चालू ठेवली तर चर खोल होऊन डोकेच निकामी होण्याची वेळ येते. चकतीचा खर्च किरकोळ, डोक्याचा मात्र नव्हे.

गळती खरोखर तेथेच आहे ना, हे प्रथम ठरवावे. झडपांच्या वरच्या झाकणातून किंवा तेथे तेल नेणाऱ्या बारीक नळीच्या सांध्यातून झिरपलेले तेल खाली ओघळून नेमके डोक्याच्या सांध्यावर जमते, आणि बिचाऱ्या गॅस्केटवर आळ येतो. इंजिन रॉकेलने स्वच्छ पुसावे, कोरडे झाल्यावर सांध्यावर टाल्कम पावडर भुरभुरावी, आणि चार-पाच किलोमीटर फिरून यावे. तेल कोठून निघाले ते पांढऱ्या पावडरीवर स्पष्ट उमटते. वायूची गळती असेल तर किक मारताना पाय नेहमीपेक्षा सहज खाली जातो आणि सांध्यातून फुस्स असा आवाज येतो. साबणाचे पाणी लावले की बुडबुडे दिसतात.

निदान पक्के झाले की गाडी रात्रभर निवू द्यावी. गरम डोक्याचे नट सोडणे म्हणजे ते वाकडे होण्यास आमंत्रण देणे होय. पेट्रोलची टाकी, कार्ब्युरेटर, धुराचा नळ, तेलाच्या नळ्या, डीकॉम्प्रेसरची तार, डोके चौकटीस बांधणारी पट्टी ही क्रमाने सोडवावीत. झडपा उचलणाऱ्या दोन उभ्या सळ्या, म्हणजे पुशरॉड, काढताना कोणती आतल्या झडपेची व कोणती धुराच्या झडपेची याची खूण करावी. नट एकदम सोडू नयेत. समोरासमोरचे, अर्धा-अर्धा फेरा. डोके चिकटून बसले असेल तर लाकडी हातोडीने हलके ठोकावे. फटीत स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटण्याचा मोह अनेकांना होतो; त्याचा ओरखडा पुढच्या गळतीचे बीज ठरतो.

येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. जुन्या गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते आणि त्याची धूळ फुप्फुसाला घातक आहे. चिकटलेले तुकडे कोरडे खरवडू नयेत, तारेच्या ब्रशाने घासू नयेत, फुंकरही मारू नये. ते पाण्याने भिजवून मगच काढावेत व ओले असतानाच पिशवीत बांधून टाकावेत.

काजळी लाकडी पट्टीने काढल्यावर खरी परीक्षा येते. पोलादी सरळ पट्टी डोक्यावर उभी, आडवी व तिरपी ठेवावी. खालून ०.०५ मिलिमीटरची फीलर पट्टी सरकत असेल तर डोके वाकले आहे. थोडासा वाक असेल तर जाड काचेवर बारीक पॉलिश पेपर पसरून, रॉकेलच्या थेंबांवर डोके इंग्रजी आठच्या आकड्यासारखे फिरवून तो घालवता येतो. पण ज्या इंजिनात सिलिंडरचा काठ वर येऊन डोक्याच्या खाचेत बसतो तेथे काचेचा उपाय चालत नाही. ते काम लेथवरच्या जाणत्या कारागिराचे.

गॅस्केट विकत घेताना जुनी बरोबर न्यावी. ३५० आणि ५०० यांच्या चकत्या वेगळ्या. पाचशेच्या सिलिंडरचा व्यास ८४ मिलिमीटर असतो. दुकानदार तक्त्यातून कागदी गॅस्केट हातोडीने टिचून झटपट कापून देतात. ती बाजूच्या झाकणाला चालेल, डोक्याला कदापि नाही. तांब्याची चकती वापरावयाची असेल तर ती लालसर तापवून निववावी, म्हणजे मऊ होते. पुण्याच्या तांबट आळीत भांडे ठोकून कडक झाले की पुन्हा भट्टीत घालतात, तेच हे तंत्र. डिंकासारखे लुकण थापून सांधा बंद करण्याचा उपाय मला मुळीच मान्य नाही. जास्तीचे लुकण तेलाच्या वाटेत अडकते.

आवळताना प्रथम बोटांनी, मग पान्याने समोरासमोर, तीन-चार टप्प्यांत. पीळ मोजणारा पाना मिळाल्यास उत्तम. एक फूट लांबीच्या पान्याच्या टोकास दहा किलोग्रॅम जोर लावला तर सुमारे तीन किलोग्रॅम-मीटर पीळ बसतो. आपल्या गाडीस किती हवा ते तिच्या पुस्तिकेत पाहावे, हाताच्या अंदाजावर सोडू नये.

नंतर झडपांची चाल. जुन्या बुलेटमध्ये इंजिन थंड असता दट्ट्या दाबाच्या फेरीत अगदी वर आणावा आणि बाजूचे लहान झाकण उघडून पुशरॉड चिमटीत धरून पाहावा. तो सहज फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. पहिल्यांदा गाडी तापवून पूर्ण निवली की नट पुन्हा तपासावेत, आणि तीन-चारशे किलोमीटरनंतर आणखी एकदा. प्रत्येक वेळी नट थोडे आवळले जातात, डोके केसभर खाली येते आणि पुशरॉड घट्ट होतो. ते ध्यानात न आल्यास झडप पुरती मिटत नाही व जळते. म्हणून नट आवळले त्याच बैठकीत पुशरॉड पुन्हा चिमटीत धरून फिरवून पाहावा.