उद्यानातील दुर्गरचना

पुण्याच्या जंगली महाराज रस्त्यावर, बालगंधर्व रंगमंदिरापासून जवळच मुठेच्या अंगाला पसरलेल्या संभाजी उद्यानात दिवाळीच्या दिवसांत महानगरपालिकेच्या उद्यान विभागातर्फे किल्ले बांधण्याची जी स्पर्धा भरते, ती वरवर पाहणाऱ्यास मुलांची करमणूक वाटली, तरी इतिहासाच्या अध्ययनाचा इतका प्रत्यक्ष आणि इतका लोकव्यापी प्रकार आपल्याकडे दुसरा नाही, असे माझे मत आहे. दिवाळीचा किल्ला हा मूळचा अंगणातला. वाडे पडले, अंगणे गेली, सदनिकांच्या जिन्याखाली दोन हात मोकळी जमीन मिळेनाशी झाली, तेव्हा घरोघरच्या या उद्योगाला सार्वजनिक उद्यानाने आश्रय दिला. आणि तो देताना, जे काम एका घरापुरते होते ते सगळ्या गावाच्या नजरेखाली आणले.

सकाळी उद्यानात शिरावे, तो कुटुंबेच्या कुटुंबे कामाला लागलेली दिसतात. दगडविटांचा ढीग रचून त्यावर चिखलात बुडवलेले गोणपाट अंथरायचे, त्याच्या चुण्यांतून कडे आणि घळी साधायच्या, मग बारीक चाळलेली लाल माती थापायची, हे काम वडीलधाऱ्यांचे; तट, बुरूज आणि पायऱ्या मुलांच्या; आणि अळीव किंवा मोहरी नेमकी कोठे पेरावी याचा निर्णय बहुधा आजीचा. पेरलेले अळीव तीन-चार दिवसांत उगवून डोंगर हिरवा होतो. मग कुंभारवाड्यातून आणलेले मावळे पहाऱ्यावर उभे राहतात, गवळण पायथ्याच्या गावात जाते आणि सिंहासनावर महाराजांची मूर्ती विराजमान होते.

या साऱ्यात मला सर्वांत मोलाचे वाटते ते हे, की हा किल्ला तटापासून नव्हे, डोंगरापासून सुरू होतो. दुर्गशास्त्राचेही हेच सांगणे आहे. रामचंद्रपंत अमात्यांनी इ. स. १७१५ मध्ये सिद्ध केलेल्या ‘आज्ञापत्रा’त दुर्गांविषयी जे स्वतंत्र प्रकरण आहे, त्यात गडाची जागा पाहताना आधी पाणी पाहावे, पाणी नसून ती जागा सोडण्यासारखी नसेल तर खडक फोडून टाकी खोदावीत, आणि एखादा झरा वाहता आहे एवढ्यावर निश्चिंत राहू नये, कारण झुंजात तोफांच्या हादऱ्याने झरे आटतात, असा सूक्ष्म विचार केलेला आढळतो. गडावरचा केरकचरा जागच्या जागी जाळून ती राख परसात घालावी आणि घरोघर भाजीपाला करावा, अशीही तेथे आज्ञा आहे. स्वराज्याचा एक अमात्य परसातल्या भाजीची चिंता वाहतो, हे वाचताना मला दरवेळी आदर वाटतो. वेढा पडल्यावर गड जगतो तो अंबारखान्यावर, टाक्यांवर आणि अशा परसांवर, हे त्याने भोगून जाणलेले होते.

त्याच ग्रंथात असे बजावले आहे, की गडाच्या माऱ्यात येणारा दुसरा डोंगर शेजारी असू नये. असल्यास तो सुरुंगाने फोडावा, नाहीतर बांधून गडाच्या ताब्यात घ्यावा. या सूत्रामागचे दुःख पुरंदरावर समजते. इ. स. १६६५ च्या एप्रिलात मिर्झाराजे जयसिंह आणि दिलेरखान यांच्या फौजांनी आधी शेजारचा वज्रगड घेतला, तेथून पुरंदरावर तोफा लागल्या, मुरारबाजी देशपांडे कामास आले, आणि जूनमधील तहान्वये तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले. उद्यानात पुरंदर बांधणाऱ्या मुलाने शेजारी वज्रगडाचा उंचवटा स्वतःच्या हाताने केला, म्हणजे तो तह त्याला तोंडपाठ करावा लागत नाही.

राजगडाचेही तसेच. पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या तीन दिशांना फाकलेल्या आणि मधोमध उंच बालेकिल्ला, ही आकृती मातीत साधणे अत्यंत अवघड. संजीवनीची दुहेरी तटबंदी हाताने ओढताना, एक तट पडला तरी दुसऱ्याच्या आडून शिबंदीने लढत राहायचे, हा हेतू बोटांना आधी कळतो आणि बुद्धीला नंतर. रायगडाच्या महादरवाजाची गोमुखी बांधणीही अशीच. दोन बुरुजांच्या कुशीत दरवाजा लपवला, की समोरून येणाऱ्याला तो दिसत नाही आणि हत्तीला धडक द्यायला सरळ वाट उरत नाही.

म्हणूनच बाजारातून तयार प्लास्टरचा किल्ला आणून मांडण्याची जी चाल अलीकडे वाढली आहे, तिच्याविषयी मला मनापासून खेद होतो. त्यात आकृती निर्दोष मिळते. पण पाणी कोठून आले, धान्य कोठे साठवले, चोरदिंडी कोणत्या घळीत उतरते, हे प्रश्नच पडत नाहीत. परीक्षकांनी रंगरोषणाईला थोडे कमी आणि टाक्यांना, अंबारखान्याला, दारूखान्याला थोडे अधिक गुण द्यावेत, आणि प्रत्येक मुलाला ‘तुझ्या गडावर पाणी कोठे आहे?’ एवढे अवश्य विचारावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. सिंधुदुर्ग बांधणाऱ्याला तर हे उत्तर फार सुंदर देता येईल. चोहोंकडे खारा समुद्र असताना दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी त्या बेटावर आहेत.

ही हौस केवळ पुण्याची नव्हे. बेळगावातही दिवाळीत गल्लोगल्ली मोठमोठे किल्ले उभे राहतात. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या बारा दुर्गांचा जागतिक वारशात समावेश केला, त्यानंतर या खेळाला नवे औचित्यही आले आहे. त्या बारांपैकी साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे अकरा महाराष्ट्रातले. बारावा जिंजी, तो तमिळनाडूत. आमच्या मुलांच्या हातून तो फारसा घडत नाही, याची मला चुटपुट लागून राहते. रायगड पडल्याच्या सुमारास, १६८९ साली राजाराम महाराज वेषांतर करून दक्षिणेत निसटले आणि जिंजीस पोहोचले. पुढे मोगलांचा वेढा पडला, आणि १६९८ पर्यंत तो गड हाती आला नाही. स्वराज्याची गादी त्या काळात तेथे होती, कारभार आणि सनदा तेथून सुटत होत्या, आणि कृष्णाजी अनंत सभासदाने शिवछत्रपतींचे चरित्र राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिले तेही तेथेच. गडावर हवालदार, सरनौबत आणि सबनीस यांच्यात अधिकार वाटून द्यायचा, जेणेकरून एकट्याला फितूर होऊन गड शत्रूला देता येऊ नये, ही व्यवस्था त्याच बखरीने आपल्याला सांगितली.

जिंजी मातीत उभारायचा तर एक डोंगर पुरत नाही. राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रायणदुर्ग अशा तीन टेकड्या त्रिकोणात रचाव्या लागतात, त्यांना जोडणारा लांबलचक तट मधल्या सपाटीवरून न्यावा लागतो, आणि तेवढी जागा सदनिकेच्या दारात कधीच मिळणार नाही. ती संभाजी उद्यानात आहे. तीन घरांनी मिळून एकेक टेकडी वाटून घ्यावी आणि तट सर्वांनी मिळून बांधावा. राजगिरी उभारणाऱ्यांनी मात्र तिचा कडा पुरेसा उंच करण्यात हात आखडता घेऊ नये.