लघवीची गोळी, पण कोणती?

ऑफिसात कुणी बीपीचा विषय काढला की आपण म्हणतो, 'टेन्शन नको घेऊस यार!' आणि कॉफी मशीनकडे वळतो. मीही त्यातलीच. मे महिन्यात मूलहून आत्याचा फोन येईपर्यंत.

मूल म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. मेमध्ये तिथे पारा पंचेचाळीसला टेकतो, कूलरही गरम हवा फेकतो. आत्या बीपीसाठी रोज अम्लोडिपिन घ्यायची. तिचे पाय सुजायला लागले. शेजारच्या काकू म्हणाल्या, "लघवीची गोळी घेऊन पाह्य वं, सूज उतरते." मेडिकलवाल्याने फ्युरोसेमाइडची पट्टी काढून दिली. चिठ्ठी नाही, तपासणी नाही. सूज जेमतेम उतरली, पण काही दिवसांत पोटऱ्यांत गोळे यायला लागले, चक्कर सुरू झाली आणि एका दुपारी आत्या न्हाणीत पडली. दवाखान्यात रक्त तपासलं. पोटॅशियम २.८! नॉर्मल साधारण ३.५ ते ५.

डॉक्टरांनी उलगडा केला तेव्हा आम्ही गप्पच झालो. सूज अंगात पाणी साठल्याची नव्हतीच, ती अम्लोडिपिनचा साइड इफेक्ट होती. त्यांनी तो डोस कमी केला, जोडीला टेल्मिसार्टन दिलं आणि लघवीची गोळी बंद केली. काही आठवड्यांत पाय ठीक!

मग ही गोळी व्हिलन आहे का?

अजिबात नाही. इथे 'लघवीची गोळी' या एकाच नावाखाली वेगवेगळी औषधं येतात. फ्युरोसेमाइड जोरदार, पण असर काही तासांचा. ते मुख्यतः हृदय किंवा किडनीच्या आजारातल्या सुजेसाठी. रोजच्या बीपीसाठी वापरतात ती क्लोरथॅलिडोन, इंडापामाइड, हायड्रोक्लोरोथायझाइड ही सौम्य मंडळी.

आणि ही मंडळी कामाची आहेत. २००२ साली ३३ हजारांहून जास्त पेशंटवरच्या 'ऑलहॅट' अभ्यासात जुनं, स्वस्त क्लोरथॅलिडोन हार्ट अटॅक टाळण्यात नव्या औषधांच्या बरोबरीचं ठरलं. २०२२ च्या अमेरिकन अभ्यासात क्लोरथॅलिडोन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड यांचा फायदा सारखाच निघाला, फक्त क्लोरथॅलिडोनवाल्यांचं पोटॅशियम जास्त वेळा घसरलं.

शेजारच्या गडचिरोलीत तर बीपीचं औषध हा जिवाचा प्रश्न आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने २०११ ते २०१३ या काळात ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणं तपासली. पहिला नंबर पक्षाघाताचा, दर सात मृत्यूंमागे साधारण एक! बीपी हे पक्षाघाताचं सगळ्यात मोठं कारण. म्हणजे घाबरून गोळ्या सोडणंही तितकंच महागात पडतं.

मला एक कळलं. सेफ गोळी नुसत्या नावावरून ठरत नाही. माणूस, डोस आणि ऋतू बघून ठरते. जानेवारीत झेपलेला डोस मेमध्ये, तेंदूपानं तोडायला रानात जाणाऱ्या बाईला झेपेलच असं नाही.

डॉक्टरांशी बोलताना हे विचारा

* पट्टी वाचा. नावापुढे 'एच' असेल तर बहुधा हायड्रोक्लोरोथायझाइड आत आहे. वेगळी लघवीची गोळी चालू असेल तर डबल डोस होतो.
* डोस छोटा. क्लोरथॅलिडोन बहुतेकदा १२.५ मिलिग्रॅमपासून सुरू करतात. सकाळी घ्या, म्हणजे रात्री उठावं लागत नाही.
* रक्त तपासा. सुरू करण्याआधी आणि दोन ते चार आठवड्यांनी सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन. वय जास्त असेल तर सोडियमकडे खास लक्ष.
* आधीचे आजार सांगा. गाऊट, शुगर, किडनीचा त्रास, गरोदरपण. आणि सिकलसेल! या दोन जिल्ह्यांत तो बराच आढळतो आणि अंगातलं पाणी कमी झालं की दुखण्याचा अटॅक येऊ शकतो.
* पेनकिलर जपून. अंगदुखीची डायक्लोफिनॅकसारखी गोळी, लघवीची गोळी आणि टेल्मिसार्टन एकत्र आले की किडनीवर ताण येतो.
* जुलाब, उलट्या, ऊन लागणं. अशा वेळी गोळी चालू ठेवायची की थांबवायची, हे त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून ठरवा.

आत्या आता टकाटक आहे. पापड-लोणचं कमी केलंय आणि घरी बीपीचं मशीन घेतलंय. मी निघताना तिने माझाच दंड पुढे ओढला. "तुझं कधी मोजलं होतं?"

आठवेना. मशीनवर आकडा आला १४२/९४. वय वर्षं २८! एका मोजणीवर काही ठरत नाही म्हणे, म्हणून आता आठवडाभर रोज सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत लिहितेय. सोमवारी डॉक्टरांची अपॉइंटमेंट आहे. तुमचं शेवटचं कधी मोजलं होतं?